दोनशे रुपयांचा डबा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की स्टाफरूममध्ये कुणीतरी माझ्या खिशाकडे बघतं आणि विचारतं, "सर, असा शाईपेन आम्हालाही घ्यायचाय. चांगला पाहिजे, पण स्वस्तात. कुठे मिळेल?" यंदा विचारणाऱ्या आमच्याकडे नव्याने आलेल्या विज्ञानाच्या मॅडम होत्या. मी बोलायला सुरुवात केली आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. शिपाईमामांनी दारात येऊन माझ्याकडे असं पाहिलं की उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतो. त्यातली शेवटची गोष्ट मात्र घंटा झाली नसती तरी मी मॅडमना सांगितली नसती.

आधी एक विचारतो. पेन घेताना आपण पैसे कशाचे मोजतो? कागदाला टेकतं ते निबेचं टोक. अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. त्या टोकावर कडक धातूचा बारीक मणी बसवलेला असतो, त्याला सगळे सवयीने इरिडियम म्हणतात. तीनशेच्या पेनातही तो असतो आणि तीस हजारांच्या पेनातही असतो. सोन्याची निब गंजत नाही, थोडी मऊ असते, दिसायला देखणी असते, हे सगळं खरं. पण कागदावर सोनं टेकत नाही, तो मणी टेकतो. बाकीची किंमत क्लिपची, मुलाम्याची, डबीतल्या मखमलीची आणि नावाची. म्हणून पेन स्वस्तात मिळवायचा म्हणजे तो मणी नीट घासलेला आणि निबेची दोन्ही पाती एका पातळीत असलेला नग हुडकून काढायचा. एकाच खोक्यातले दहा पेन घ्या, दोन उत्तम निघतील, सहा बरे, दोन टाकाऊ. किंमत दहाही पेनांची एकच. खरी सूट छापील किमतीवर मिळत नाही, ती या दहांतून दोन निवडू देणाऱ्या दुकानदाराकडे मिळते.

निवडायचं कसं, हे मला माझ्या पोटापाण्याने शिकवलं. मी सकाळी उर्दू शिकवतो आणि दुपारी त्याच मुलांना मराठी. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. उजव्या हाताने लिहिणारा माणूस शिरोरेषा काढतो तेव्हा निब ओढली जाते. तोच माणूस 'बे' किंवा 'ते' हे अक्षर लांब काढतो तेव्हा निब ढकलली जाते. ओढताना वाईट निबसुद्धा गपगुमान चालते. ढकलताना तिचं पितळ उघडं पडतं, ती कागदात रुतते, करकरते, रेघेच्या मधेच शाई सोडायची थांबते. आणखी एक, उर्दू लिहिताना हात लिहिलेल्या मजकुराच्या बाजूने सरकतो. निब फार ओली असेल तर ओळीतली शाई तळहाताला लागते आणि सगळा मजकूर अस्तरासारखा उलटा हातावर उमटतो. माझ्या लहानपणी उर्दू शाळेतला मुलगा ओळखायला टोपीची गरज नसायची, तळहाताची कड बघितली तरी पुरे.

तेव्हा माझी परीक्षा साधी आहे. स्वतःची वही घेऊन दुकानात जायचं. दुकानदार पुढे करतो तो गुळगुळीत कागद नको, त्यावर खिळासुद्धा छान लिहितो. निब शाईत नुसती बुडवायची, पेन भरायचा नाही, कारण भरलेला पेन न घेता परत देणं बरं दिसत नाही. मग एक लांब शिरोरेषा ओढायची. तिच्याखाली उलट दिशेने एक लांब 'बे'. दोन्ही रेघा सारख्या उमटल्या तर पेन घ्यायचा. उर्दू येत नसेल तर आडवा आठ काढा, तेच काम होतं. सोबत घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग असेल तर फारच उत्तम. पाती खालीवर झालेली त्यात चटकन दिसतात, आणि बऱ्याचदा नखाने हलका दाब दिला की सरळही होतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदाराने माझी ही उलटसुलट चित्रकला बघून विचारलं होतं, "साहेब, सही घोटताय का?" मी उर्दू म्हटल्यावर त्याने काउंटरखालून आणखी आठ पेन काढून दिले आणि म्हणाला, यातले चांगले कुठले ते मलाही सांगा. अशी माणसं आहेत म्हणून दुकानात जायचं.

कोणता पेन? ज्यांना शाई सांडायची भीती वाटते त्यांनी तीन-चारशेचा पार्कर व्हेक्टर घ्यावा, काडतूस घालावं आणि सुखी राहावं. हजार-दीड हजार खर्चायची तयारी असेल तर जपानी पायलटचे स्टीलच्या निबेचे साधे पेन. त्यांत टाकाऊ नग मी आजवर पाहिलेला नाही. पण माझं मन खरं रमतं ते आपल्याकडच्या ड्रॉपरने शाई भरायच्या पेनांत. एअरमेल आहे, कॅनराइट आहे. दोनशे-तीनशेपासून मिळतात, निब बोटाने उपसून बदलता येते, आणि टाकी म्हणजे पेनाचं अख्खं पोट. काही एबोनाइटचे असतात, म्हणजे रबरात गंधक घालून कडक केलेल्या काळ्या कांडीचे. हातात गरम होतात आणि घाम आला तरी घसरत नाहीत. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी असाच स्वदेशी पेन घडवून गांधीजींना दिला आणि १९३५ साली गांधीजींनी पत्र लिहून त्याची पावती दिली, ही गोष्ट पेनवाल्यांत फार प्रिय आहे. या पेनांना एक खोड आहे, तीही सांगून ठेवतो. टाकी पाव उरली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबेतून एक जाडजूड थेंब बरोबर हजेरीपत्रकावर टाकते. म्हणून शाई निम्म्यावर आली की भरायची. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं.

शाईवर पैसे उधळू नका. कॅम्लिनची साधी निळी शाई पेनाला अपाय करत नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली गिरगावात शाईच्या पुडीपासून हा धंदा सुरू केला, त्याचं मला एक मराठी मास्तर म्हणून उगाच कौतुक आहे. ड्रॉपरच्या पेनात दोन-तीन मिलिलिटर शाई मावते. साठ मिलिलिटरच्या बाटलीत वीस-तीस वेळा पेन भरतो. माझ्यासारख्या दिवसाला चार-पाच पानं लिहिणाऱ्याला एक बाटली वर्षभर पुरते. जेल पेनच्या रिफिलांचा हिशेब तुम्हीच करा. एक मात्र आहे, आपल्याकडच्या पातळ वह्यांत शाई फुटते, पाठीमागच्या पानावर उतरते. तिथे बारीक निब घ्या, दुसरा इलाज नाही.

आता कुठे मिळेल. ऑनलाइनबद्दल थोडक्यात सांगतो. एकदा सत्तर टक्के सूट बघून मी पेन मागवला. आला तेव्हा निबेची दोन पाती भांडलेल्या जावांसारखी एकमेकींकडे पाठ करून होती, आणि डबीवरची छापील किंमत फक्त सूट दाखवण्यापुरती छापलेली होती. परत केला, पैसे मिळाले, पण अर्धा महिना गेला. बुडवून बघता येत नाही तिथे मी आता ओळखीचाच पेन मागवतो, नवीन प्रयोग करत नाही.

माझी आवडती जागा म्हणजे तालुक्याच्या गावातली कोर्ट-कचेरीजवळची जुनी स्टेशनरीची दुकानं. मुद्रांक विकणारे, अर्ज लिहून देणारे बसतात त्या ओळीतली. तिथे वकील आणि कारकून एकेकाळी शाईपेनच घ्यायचे. मग बॉलपेन आला, जेल पेन आला, आणि राहिलेला माल वरच्या फळीवर गेला. दुकानदाराला सरळ विचारायचं, "चाचा, जुने शाईपेन पडलेत का वर?" कपाळाला आठी घालून ते स्टूल आणतात. खोक्यावरची धूळ झटकली की तीस वर्षं जुने, एकदाही न भरलेले पेन निघतात आणि किंमत तीस वर्षांपूर्वीची लिहिलेली असते. त्या किमतीला ते देत नाहीत, देऊही नये. पण थोडं मागेपुढे करून सौदा होतो. घेताना टोपणाच्या कडेला तडा आहे का बघा, आणि आत रबराची पिशवी असेल तर ती कडक झालेली असणार हे धरून चाला. सोलापूरहून कधी हैदराबादला गेलात तर अबिड्सचं डेक्कन पेन स्टोअर बघा. पंधराएक वर्षांपूर्वी मी तिथे एक बंद पडलेला पेन नेला होता, गल्ल्यापलीकडच्या माणसाने तो उघडून, धुऊन, निब सरळ करून माझ्या हातात दिला आणि कागद पुढे सरकवून म्हणाला, "लिख के देखिए." मी नाव उर्दूत लिहिलं, मग मराठीत. तो हसला, बहुतेक असे गिऱ्हाईक त्याने पाहिले होते.

आणि पुण्याचा जुना बाजार. बी.एड. करत असताना, २००२ साली, मी दर रविवारी तिथे जायचो. बुधवारीही भरतो, पण बुधवारी पाठ असायचे. शाहीर अमर शेख चौकाजवळ रस्त्याच्या कडेला गोणपाटावर नळाच्या तोट्या, फोनचे डबडे, पितळी अडकित्ते, कुणाचे तरी लग्नाचे फोटो आणि त्यात कुठेतरी पेन. मी मूळचा बार्शीचा, अमर शेखही बार्शीचे, त्यामुळे त्या चौकात मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटे. तिथे मी एक शेफर पेन चाळीस रुपयांना घेतला. विकणाऱ्याने साठ सांगितले होते, मी घासाघीस केली. खोलीवर येऊन तो कोमट पाण्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी तो लिहू लागला तेव्हा मी मित्रांना चहा पाजला. तो पेन हजारोंचा होता. मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक नव्हतं. त्या वेळी माझ्या मनात कसलीही टोचणी नव्हती. उलट हेच तर कसब, असं वाटलं होतं.

आता राहिलेली गोष्ट.

बार्शीत मला उर्दू शिकवणारे उस्ताद दोन वर्षांपूर्वी वारले. खडूची कड फरशीवर घासून तिरकी करायचे आणि बोर्डावर असं नस्तालीक काढायचे की पुसणाऱ्या मुलाचा हात थांबायचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा त्यांचं घर रिकामं होत होतं. नातू दारात रद्दीचे गठ्ठे बांधत होता. म्हणाला, "सर, ये सब भंगार में जारा. आपको कुछ होना तो ले लेव." मी दोन लुगत घेतले, एक फाटका दीवान घेतला. मग त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. आत सात-आठ पेन, सुकलेल्या शाईने एकमेकांना चिकटलेले. वर एक दडलेल्या निबेचा, बाणाच्या क्लिपचा पेन दिसला. मला वाटलं चिनी हिरो, ६१६. आमच्या लहानपणी प्रत्येक मास्तरच्या खिशाला असायचा. मी म्हटलं, "बेटा, फुकट नको." त्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले. तो लाजला, पण त्याने घेतले. मलाही वाटलं, उस्तादांच्या आठवणीचे दोनशे काही जास्त नाहीत.

सोलापूरला येऊन पेन धुतले. टोपण पुसल्यावर त्यावर चिनी अक्षरं निघाली नाहीत. पार्कर निघालं, आणि ५१. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९४१ साली बाजारात आलेला हा पेन, आणि हिरोवाल्यांनी ज्याची नक्कल केली तो हाच. आतली दाबायची नळी शाबूत होती. पाण्यात पाच-सहा वेळा दाबली तर आधी निळं पाणी आलं, मग स्वच्छ. शाई भरली. शिरोरेषा काढली, 'बे' काढली. मी चाळीसेक पेन वापरले असतील, असा एकही चालला नव्हता.

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात चांगला सौदा. आयुष्यभर याचीच वाट बघत होतो म्हणा ना.

अकरा दिवस तो पेन माझ्या खिशात होता. या अकरा दिवसांत मी स्वतःशी जो युक्तिवाद केला तो ऐकला तर कोर्टाजवळचे वकील मला फी देतील. मी फसवलं नाही, मलाच ठाऊक नव्हतं. त्याने स्वतः दिला. तो भंगारातच देणार होता, मग कुणाच्याच हाती लागला नसता. उस्तादांनाही आवडलं असतं की पेन शागिर्दाकडे गेला. हा शेवटचा मुद्दा मला फारच पटत होता, त्यावरूनच खरं तर मला शंका आली.

इमाम अबू हनीफा कुफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो, मदरशात शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेला असेल. एक बाई रेशमी वस्त्र विकायला घेऊन आली, शंभर मागितले. इमाम म्हणाले, याची किंमत जास्त आहे. ती शंभराने चढत चढत चारशेवर गेली. ते म्हणाले, अजून जास्त आहे. तिला वाटलं थट्टा करतायत. शेवटी किंमत करणारा माणूस बोलावला आणि इमामांनी ते पाचशेला घेतलं. आमच्याकडे जुम्म्याच्या बयानात विकणाऱ्यांबद्दल पुष्कळ ऐकायला मिळतं, मालातला दोष लपवू नका, मापात मारू नका. घेणाऱ्याने मालातला गुण लपवला तर काय, हे मी कधी ऐकलं नाही. आणि उस्तादांनीच हा किस्सा आम्हाला आठवीत सांगितला होता. हे आठवलं त्या दिवशी पेन खिशात जड झाला.

बाराव्या दिवशी नातवाला फोन केला. म्हटलं, "त्या डब्यातला एक पेन पाच-सहा हजारांचा आहे. तुझा आहे. तुला ठेवायचा असेल तर आणून देतो, विकायचा असेल तर गिऱ्हाईक बघतो." तिकडे बराच वेळ शांतता. मग, "कितने, सर?" मी पुन्हा सांगितलं. मला वाटत होतं, तो म्हणेल की सर, तुम्हीच ठेवा, दादांची निशाणी. मी त्या वाक्याची तयारीही करून ठेवली होती. नको-नको म्हणायचं आणि मग ठेवून घ्यायचा. तो म्हणाला, "बेच डालो, सर. अम्मी के दाँतों का काम रुकेला है."

पुण्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जुने पेन जमवतात. त्यांनी भिंगातून बघितला, लिहून बघितला आणि साडेपाच हजार दिले. मी पैसे पाठवले. चार दिवसांनी नातू सोलापूरला आला तो हातात दोनशे रुपये घेऊन. "सर, ये आपके." मी म्हटलं, बाकीचे पेन तर माझ्याकडेच आहेत ना, हे त्यांचे. दोनशेची ती नोट दोनदा टेबलावरून इकडून तिकडे गेली. शेवटी त्याने खिशात ठेवली आणि चहा घेतला.

त्या शेफरचं काय, असं तुम्ही विचाराल. बायकोनेही विचारलं. तो अजून माझ्याकडे आहे. जुन्या बाजारातला तो माणूस आता कुठे सापडणार? आणि सापडला तरी त्याने तो कुणाकडून केवढ्याला घेतला होता, कोण जाणे. तो धंद्याला बसला होता, नातू दारात गठ्ठे बांधत होता, या दोन्हींत फरक आहे असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "असेल." शेफर मी हल्ली फारसा भरत नाही.

डब्यातल्या उरलेल्या पेनांत एक काळा, एबोनाइटचा, ड्रॉपरने भरायचा आहे. नाव घासून गेलंय, टोपणाची पट्टी पिवळी पडलीय. पुण्याच्या त्या गृहस्थांना तोही दाखवला होता. भिंगातून बघून ते म्हणाले, "निबेचा मणी एका बाजूने पार झिजलाय हो. याला काही किंमत नाही. निब बदलून टाका." घरी आल्यावर शाई भरली. शिरोरेषा काढली तर करकर, मांजराच्या नखासारखी. मग त्याच्याखाली उजवीकडून 'बे' काढली. आवाजच नाही. चाळीस वर्षं एकाच हाताने, एकाच दिशेने ढकलून ढकलून तो मणी तसा घासला गेला होता.

निब बदलली नाही. उर्दूचं टाचण त्या पेनाने लिहितो, मराठीचं एअरमेलने. मॅडमसाठीही गेल्या शनिवारी कोर्टाजवळच्या दुकानातून एक घेतला, एकशे ऐंशीला. सहा बाजूला ठेवले, सातवा दोन्हीकडून चालला.